विलायती झोपाळ्याची लाकडं

मामंजी, तुमचा झोपाळा मोडला. मीच मोडला, कुऱ्हाडीनं, आणि मोडताना जी घाण बघितली तिचा वास अजून नाकातून जात नाही. म्हणून लिहायला बसले. हे कुठे पोचायचं नाही हे मला कळतं. तुम्हांला जाऊन बारा-तेरा पावसाळे झाले, आणि टपालवाला तिकडे जात नाही. पण अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा लेखणी हातात घेतली की पहिलं तोंड तुमचंच आठवतं. जोडाक्षरं माझी अजून अडतात. अडू देत. वाचणाऱ्याला कुठे आगबोट गाठायची आहे.

मागीलदारी फणसाच्या पलीकडे तुमचे तिन्ही नग अजून उभे होते, तुम्ही ठेवलेत तसे. झोपाळा, पत्र्याची घसरगुंडी, आणि ती लांब फळी, जिच्या एका टोकाला बसलेलं पोर वर जायचं आणि दुसऱ्या टोकाचं खाली. तिला साहेबाच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हांलाच यायचं, आम्ही उलाळी म्हणायचो. उभे होते म्हणजे काय, पडायला वेळ नव्हता म्हणून उभे होते. घसरगुंडीच्या पत्र्याला भोकं, भोकांतून गंजाचं पाणी ओघळून खालचा चिरा तांबडा झालेला, जसा कोणी पान खाऊन थुंकलाय. तिच्या पोटात उंदरांनी वाळक्या पानांचा पातेरा ओढून बिळं केलेली आणि त्यात एक मेलेला बेडूक, चपटा, चपलेच्या तळासारखा. उलाळी उचलली तर खाली गोमा. एक नाही, दोन नाही, एवढ्या की माझ्यासारखीनं हातातली काठी टाकली. आणि फळीला हात लावावा तर ती हाताला लागत नाही, चिकटते, नासलेल्या फणसाच्या गऱ्यासारखी. मी न्हाणीत जाऊन तीनदा राख लावून हात धुतले. हे सगळं काढायचं मनात आलं ते माझ्या नातीमुळे. मुलाची मुलगी, चार वर्षांची, मुंबईहून महिन्यापूर्वी आईबरोबर आली, आणि दुसऱ्याच दिवशी त्या झोपाळ्याच्या खांबाला माकडासारखी लटकली. खांब करकरला. मी तिला काखेत मारून घरात आणली आणि ठरवलं, यंदाच्या शिमग्याला ही ब्याद जाईल.

तुम्ही ती ब्याद आणलीत तो दिवस मला लख्ख दिसतो. तुम्ही साहेबाच्या बंगल्यावर पट्टेवाले. साहेब विलायतेला परत जातो, बंगल्यातलं सामान वाटून टाकतो, कोणी खुर्ची नेतो, कोणी काचेचा दिवा, बंगल्यावरचा खानसामा सगळ्यांत शहाणा, तो तांब्याची भांडी नेतो. आणि तुम्ही? बैलगाडी घाटीवरून खाली येते आहे, मी पडवीत भात सडते आहे, आणि गाडीत दिसतं काय तर खांब, फळ्या, साखळ्या आणि तो पत्रा. तुम्ही गाडीच्या पुढे चालत येता आहात, पट्टा कमरेला, जशी काही पालखीच आणता आहात. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, हे काय? कोणाचं घर मोडलंत?" तुम्ही म्हणालात, "साहेबाच्या पोरांचा खेळ आहे हा. विलायती लाकूड. आपल्या वाडीत कोणाकडे आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "नाहीच. वाडीत अजून कोणी येडं झालेलं नाही." सासूबाईंचं एक बरं होतं, बोलायच्या ते बोलायच्या. मी हसू आवरायला मुसळ जोरात मारलं.

पण मामंजी, त्या दिवशी हसले तरी पुढे मला तुमची शिसारी यायची, ती आज लिहिते. साहेब गेला, त्याची बोट गेली, तरी तुम्ही त्या लाकडांपुढे वाकून चालायचात. घसरगुंडीच्या पत्र्याला खोबरेल लावायचात, आणि इथे माझ्या पोरांच्या डोक्याला तेल पुरत नव्हतं. आपल्या शेतात लावणीला येणाऱ्यांची पोरं गडग्याच्या दगडांवर बसून बघत राहायची, त्यांना तुम्ही "हात लावाल तर बघा" म्हणून हाकलायचात. बैलगाडी हाकणाऱ्याची पोर एकदा चोरून बसली, तर तुम्ही बसायची फळी धुऊन घेतलीत. माझ्याकडून. साहेबाच्या पोरांची ढुंगणं चालली, तिचं चाललं नाही. मी घागरभर पाणी ओतलं आणि मनात म्हटलं, धुवायला पाहिजे ते भलतंच आहे. आणि घरातल्यांना नियम काय? आधी मुलगे, मग मुली. मुलींनी बसूनच झोका घ्यायचा, उभं राहायचं नाही, पाय दिसतात.

आणि ते विलायती लाकूड. खोक्याचं लाकूड होतं ते, मामंजी. मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या बांधणारा जो म्हातारा आपल्याकडे वासे विकत घ्यायला यायचा, त्यानं नखानं ओरखडून सांगितलं होतं, "पट्टेवाले, हे आपला पाऊस खायचं नाही, आपला पाऊस याला खाईल. ऐनाचा वासा टाका." तुम्ही त्याला चहासुद्धा विचारला नाहीत. ऐनाचा वासा चिखलात उभा केला तर तीस वर्षं हूं का चूं करत नाही. तो साहेबाच्या घरचा नाही एवढाच त्याचा गुन्हा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तुमच्या लाकडाला बुरशी आली. मग दर वैशाखात डांबर. कुंचला माझ्याकडे, कारण तुमचा पट्टा खराब व्हायचा.

एक मान्य करते, नाहीतर अर्धंच लिहिलं असं व्हायचं. मी दुसरीतून उठवलेली, लग्नाला उभी केलेली. तुमच्या मुलाची पत्रं मुंबईहून यायची ती शेजारचा वाचायचा, आणि वाचताना मधेच खोकायचा आणि हसायचा. तुम्ही एकदा पडवीतून ऐकलंत, उठलात, पत्र त्याच्या हातातून घेतलंत आणि म्हणालात, "माझ्या सुनेची पत्रं सूनच वाचेल." त्या दिवसापासून रोज दुपारी पाटी. चुकले की म्हणायचात, "परत." मारलं नाहीत, हसलाही नाहीत. आमच्या वाडीत तेव्हा दुसऱ्या कोणत्या सासऱ्यानं हे केलं? कोणीच नाही. म्हणूनच तर जास्त शिसारी येते. तुम्ही नुसते मूर्ख असतात तर मी कधीच विसरले असते.

आता पोरीचं. माझी थोरली लेक, मुलाच्या पाठची, तुम्ही तिला बाय म्हणायचात. नऊ वर्षांची. भादव्यातली दुपार, पाऊस उघडलेला, मी चुलीपाशी घावन घालते आहे. बाहेरून आवाज आला. किंकाळी नव्हती, नारळ पडतो तसा आवाज. धावले तर पोर चिऱ्यावर पडलेली, एक पाय खाली असा दुमडलेला की माणसाचा पाय तसा दुमडत नाही. तुम्ही शेजारी उभे. तुमचं पहिलं वाक्य काय होतं? "उभी राहून चढवत होती. मुलगी आहे का कोण आहे." पोर रडत नव्हती, ओठ पांढरे. ती म्हणाली, "आये, मी बसले होते." आणि मी, मामंजी, त्या तसल्या पायाच्या पोरीच्या थोबाडीत मारली. वर म्हटलं, "आजोबा खोटं बोलतात काय?"

हाडवैद्य आला, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. हाड सांधलं पण वाकडं सांधलं. पुढे तिला जागा आल्या त्या पाय बघून परत गेल्या. शेवटी चिपळूणकडच्या एका बिजवराला दिली, घरात त्याची तीन पोरं तयार. तो वाईट नाही. पण तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, आणि रात्रंदिवस खोकतो. दर वेळी माहेरी आली की पायरी चढताना ती भिंतीला हात लावते, आणि दर वेळी मी म्हणते, "उभी राहिली नसतीस तर?" पहिली काही वर्षं ती म्हणायची, "बसले होते." मग म्हणेनाशी झाली. मला वाटलं, कबूल झाली.

यंदा शिमग्याला ती आली आहे. तुम्हांला माहीत आहे, आपल्या वाडीत होमासाठी लाकडं मागत नाहीत, उचलतात. गडग्याबाहेर दिसलं ते देवाचं. घरधनिणीनं शिव्या घालायच्या, पोरांनी दात काढायचे, झालं. मी म्हटलं, उत्तम. ही घाण मी माझ्या हातानं कशाला जाळू? देव नेईल. सून आणि मी मिळून झोपाळा खाली घेतला, उलाळी, घसरगुंडीची लाकडी शिडी, सगळं ओढत, बेड्याचं फाटक उघडून बाहेर नेऊन रचलं. पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. साखळ्या मासळीवाली नवऱ्यासाठी घेऊन गेली, म्हणाली, "आजी, माझ्या घोवाच्या होडीला नांगराला होतील." म्हटलं, ने बाई, आणि परत आणून दाखवू नको. मग दुपारी पडवीत बसले, शिव्या तोंडात तयार ठेवून. चांगल्या ठेवणीतल्या काढल्या होत्या.

माणसं आली, ढोल वाजवत, ओरडत. शेजारणीची शिडी नेली, चांगली नवी होती. पलीकडच्या घरचा पाट नेला, त्यावर बसलेलं मांजर हाकलून. आणि माझ्या ढिगाला वळसा घालून पुढे गेली. मला वाटलं, दिसला नसेल. मी उठून हाक मारली, "अरे मेल्यांनो, डोळे फुटले काय? हे कोण नेणार, माझा बाप?"

पुढे गावकर होता, होमाचा मान त्याच्या घरचा. तुमच्या वेळच्या गावकराचा मुलगा हा. तो ढोलवाल्याला थांबवून माझ्याकडे आला, हळू आवाजात म्हणाला, "काकी, हे चालायचं नाही."

"का? डांबराचा वास देवाला सोसत नाही?"

"तसं नव्हे. या लाकडानं तुमचं पोर पाडलं. असलं लाकूड होमात कसं घालायचं?"

"लाकडानं कशाला पाडेल? पोर आपल्या कर्मानं पडली. उभी होती."

त्यानं खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "तसं तुम्ही म्हणता, काकी." आणि ढोलवाल्याला खूण करून गेला.

तसं तुम्ही म्हणता. तेवढंच. माझ्या ठेवणीतल्या शिव्या घशात राहिल्या. म्हणजे पंधरा-सोळा वर्षं वाडी ऐकून घेत होती आणि मनात काही वेगळंच धरून बसली होती. सून मागे उभी होती, ती म्हणाली, "आत्या, राहू दे ना, गड्याला सांगू." मी म्हटलं, "गडी नको नि देव नको. कुऱ्हाड आण. न्हाणीतल्या हंड्याखाली जाळते एकेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागीलदारी ओढून आणून फोडायला घेतलं. बाय पायरीवर बसून ओले काजूगर सोलत होती, वाकडा पाय पुढे पसरून, बोटांना चीक लागू नये म्हणून राख माखून. खांब तर दोन घावांत गेले, आतून भुसा. मग वरची तुळई घेतली, जिच्यात साखळीचे आकडे होते. तिच्यावर डांबराची जाड साल. घाव घातला तशी साल उडाली, पिकलेल्या गळवावरची खपली उडते तशी, आणि आत लाकडात उभी भेग. हात जाईल एवढी. भेगेत राळ भरलेली, होड्यांच्या फटीत भरतात तशी, आणि राळेत दाबून बसवलेली चिंधी. भेगेच्या बाजूला एक वीत सोडून दुसरं भोक, ज्यात आकडा होता. म्हणजे आकडा आधी भेगेच्या तोंडाशी होता. तिथून निसटला. मग कोणीतरी तो सरकवून परत बसवला, आणि वर डांबर.

चिंधी ओढून काढली. हिरवी, तांबड्या काठाची. माझ्या लुगड्याची.

मग सगळं आठवलं, मामंजी. विसरले नव्हतेच बहुतेक, वर साल होती एवढंच. तो वैशाख. तुम्ही शिडीवर, मी खाली डांबराचा डबा धरून. तुम्ही म्हणालात, "सूनबाई, एक चिंधी दे." मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला. वर बघितलं आणि म्हटलं, "मामंजी, ही भेग मोठी आहे. वासा बदलायला नको?" तुम्ही वरूनच ओरडलात, "तू सुतारीण आहेस? साहेबाच्या घरच्या लाकडाला खोड काढतेस? तुझं काम डांबराचं, ते कर." मला राग आला. रागानं मी कुंचला भरला आणि त्या भेगेवर तीन हात चढवले, अगदी दिसेनाशी केली. आणि पडली त्या दिवशी, हाडवैद्य गेल्यावर, संध्याकाळी मी मागीलदारी आले तर झोपाळा पुन्हा टांगलेला आणि तुळईवर ओलं डांबर. भादव्यात कोणी डांबर लावतं काय? मी बघितलं. माझ्या पायाला ते थेंब लागले, मी रॉकेलनं पुसले. आणि आत जाऊन पोरीला म्हटलं, "उभी राहिलीस म्हणून."

चिंधी मी निऱ्यांत खोचली. पटकन. पोरीनं मान वर करायच्या आत.

मग तिला म्हटलं, "बाय, इकडे बघ." ती भिंतीला धरून उठली, आली. भेग बघितली. बोट घालून बघितलं, राखेचं बोट राळेला चिकटलं. मी म्हटलं, "आजोबांनी बुजवली होती. त्यांना ठाऊक होतं."

तिनं ते बोट पदराला पुसलं. मला वाटलं आता रडेल, आणि मला रडण्याची किळस आहे हे तिला ठाऊक आहे. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे मी बसले होते."

"हो."

"हो नको, आये. म्हण तसं."

"काय म्हणू?"

"मी बसले होते असं म्हण."

मी इकडे तिकडे बघितलं. सून न्हाणीच्या दारात, नात कोंबडीच्या मागे. म्हटलं, "तू बसली होतीस."

"परत."

मामंजी, तुमचा शब्द. तिनं तो तुमच्याकडून ऐकला असेल नाहीतर माझ्याकडून, मी तिलाही त्याच पाटीवर शिकवलं. मी परत म्हटलं. तिनं मान हलवली, पायरीवर जाऊन बसली आणि सूप मांडीवर ओढलं. एक काजूगर सोलून म्हणाली, "बरं झालं मेले ते. जिवंत असते तर मी काय केलं असतं मलाच ठाऊक नाही." मी म्हटलं, "हो ना." आणि उरलेली लाकडं फोडली.

ती जळतानाही घाणेरडी जळली. काळा धूर, हंड्याला चिकट थर, पाण्याला वास. सुनेनं अंघोळ केली नाही, म्हणाली, उद्या बघू. मी केली. माझ्या अंगाला वास लागला तर काय बिघडलं.

आता हे लिहून झालं की कागद चुलीत जाईल, कारण ही पोर चार दिवस इथे आहे आणि तिला वाचता येतं. तुमच्यावर मी आज जे जे लिहिलं त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण तिच्यापुढे तुमचं एकट्याचंच नाव घेतलं. चिंधी कोणाची आणि तीन हात डांबर कोणी चढवलं, ते सांगितलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. तुम्ही मेलेले आहात, तुमचं काय जातं. मला अजून तिच्या हातचं पाणी प्यायचं आहे.